पाऊस दगावला त्या वर्षी समुद्रात काय झालं

2023 चा पावसाळा बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शेतकऱ्यांच्या चांगलाच लक्षात आहे. जून बहुतेक कोरडा गेला, ऑगस्टनं पाठ फिरवली आणि कर्नाटक सरकारनं राज्यातल्या 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यामागं एल निनोचा मोठा हात होता. प्रशांत महासागरातलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, वाऱ्यांची घडी विस्कटते आणि आपल्या मान्सूनचा जोर कमी होतो, एवढं आता पारावर बसणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण त्याच एल निनोनं समुद्राच्या आत काय केलं, याची आपल्याकडं फारशी चर्चा झाली नाही. ऑक्टोबर 2023 पासून लक्षद्वीपभोवतीचं पाणी तापलेलंच राहिलं आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. 15 एप्रिल 2024 ला अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेनं जगभर ब्लीचिंगची चौथी मोठी लाट सुरू असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षभरात, प्रवाळ पांढरं पडावं इतकी उष्णता जगातल्या 84 टक्के प्रवाळक्षेत्राला सोसावी लागली होती.

“समुद्र इथनं शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, आपल्याला काय करायचंय गा त्याचं?” असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मला गैर वाटत नाही. पण ज्या बिघाडानं आपली पिकं करपली, त्यानंच तिकडं प्रवाळंही भाजली. मला हा विषय आपल्या भागातल्या लोकांनी समजून घ्यावासा वाटतो, कारण यातलं खरं दुखणं उष्णतेच्या आकड्यापेक्षा वेळेचं आहे. प्रवाळ एका फटक्यानं संपत नाही. पहिल्या फटक्यातून उठायच्या आत दुसरा बसला, की संपतं.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते बघू. शहापूरच्या सराफ गल्लीत मंगळसूत्रात ओवायला मिळतं ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधुक उजेडाच्या पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळाचं असतं. इथं आपण बोलतोय ती प्रवाळं वेगळी. ती उथळ, उबदार आणि स्वच्छ उजेडाच्या पाण्यात राहतात आणि हजारो वर्षांत मैलोन् मैल भित्ती उभी करतात. प्रवाळाचा एकेक जीव काही मिलिमीटरचा असतो: पिशवीसारखं मऊ अंग, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडकांची झालर. तो अंगाखाली चुन्याचा पेला बांधतो आणि त्यातच बसून राहतो. रात्री शुंडकं बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वाढतात तेव्हा आपल्याला तो एक दगड किंवा एक झुडूप वाटतं.

पण रात्रीच्या शिकारीवर त्याचं पोट भरत नाही. त्याच्या मऊ अंगात, पेशींच्या आत, एक सूक्ष्म शेवाळ राहतं. वाट्यानं लावलेल्या रानासारखा हा व्यवहार आहे. रान प्रवाळाचं, राबणारं शेवाळ. प्रवाळ त्याला सुरक्षित जागा देतं, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या मलमूत्रातलं नायट्रोजनचं खत देतं. शेवाळ उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेची 90 टक्क्यांपर्यंत गरज या वाट्यातूनच भागते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बहुतेक करून या शेवाळाचाच.

पाणी प्रमाणाबाहेर तापलं की हा व्यवहार मोडतो. उष्णता आणि प्रखर ऊन एकत्र आलं की शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणात बिघाड होतो आणि साखरेबरोबर ऑक्सिजनची पेशी जाळणारी घातक रूपं तयार व्हायला लागतात. प्रवाळ मग शेवाळ बाहेर टाकतं. मऊ अंग पारदर्शक उरतं आणि त्यातून खालचा पांढरा चुना दिसायला लागतो. हेच ब्लीचिंग. या टप्प्यावर प्रवाळ जिवंत असतं, पण उपाशी असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शेवाळ परत वस्तीला येतं आणि रंगही परततो. निवलं नाही तर जीव मरतात आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर वेगळंच, केसाळ शेवाळ चढतं. बातम्यांत पांढऱ्या प्रवाळाच्या फोटोखाली ‘मृत’ असं लिहिलेलं असतं, ते त्यामुळे बऱ्याचदा चूक असतं. फोटो काढला त्या दिवशी निकाल लागलेला नसतो.

किती उष्णता म्हणजे जास्त? त्या जागी उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याच्यावर फक्त एक अंश. तेवढं पाणी चार आठवडे राहिलं की ब्लीचिंगची शक्यता धरतात. शास्त्रज्ञ हे ‘उष्णता-आठवडे’ मोजतात: एक अंश जास्त, चार आठवडे, म्हणजे 4, दोन अंश जास्त, चार आठवडे, म्हणजे 8. चारला रंग जातो, आठला प्रवाळं मरायला लागतात. नोआची धोक्याची मोजपट्टी पूर्वी आठापाशी संपायची. 2023 मध्ये कॅरिबियन समुद्रात आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आकडे इतके वर गेले, की त्या मोजपट्टीला वर तीन नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या.

आता वेळेचा हिशेब. 1980 च्या दशकात एखाद्या ठिकाणी ब्लीचिंगचा मोठा फटका बसला, तर दुसरा यायला सरासरी 25 ते 30 वर्षं जायची. 2016 पर्यंत हे अंतर सुमारे सहा वर्षांवर आलं. प्रवाळाच्या वाढीचा वेग याच्या शेजारी ठेवून बघा. गोलसर, घट्ट प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. फांद्यांची प्रवाळं जोमदार, वर्षाला दहा सेंटिमीटर आणि क्वचित त्याहून जास्त वाढतात, पण उष्णतेला पहिली बळी पडतात तीच. मेलेल्या भित्तीवर नवी पिढी यायची तर आधी वाचलेल्या प्रवाळांनी अंडी सोडली पाहिजेत, अळ्या पाण्यातून वाहत आल्या पाहिजेत, त्यांना चिकटायला स्वच्छ कठीण पृष्ठभाग मिळाला पाहिजे आणि मग त्यांना वाढायला काही वर्षं निवांत मिळाली पाहिजेत. शेवटची अटच सर्वांत अवघड होऊन बसली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला भर समुद्रात स्कॉट रीफ नावाची भित्ती आहे. 1998 च्या ब्लीचिंगनंतर तिथं जिवंत प्रवाळ जेमतेम 9 टक्के जागेवर उरलं. जवळपास दुसरी भित्ती नाही, त्यामुळे बाहेरून अळ्या येण्याचीही आशा नव्हती. ही भित्ती गेली, असंच बहुतेकांना वाटलं. पण तिथं नदीचा गाळ येत नाही, शहराचं सांडपाणी येत नाही आणि शेवाळ खाणारे मासे भरपूर होते. उरलेल्या थोड्या प्रवाळांनीच हळूहळू जागा भरली आणि बारा वर्षांत आच्छादन 44 टक्क्यांवर गेलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण लवचिकपणा म्हणजे काय ते यात स्वच्छ दिसतं. फटका चुकला नाही, पण उठायला वाव मिळाला. आणि मग 2016 साली त्याच भित्तीला पुन्हा जबर ब्लीचिंगनं गाठलं.

लक्षद्वीपची गोष्टही याच वळणाची. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे शास्त्रज्ञ 1998 पासून तिथल्या भित्तींवर नजर ठेवून आहेत. 1998, 2010 आणि 2016 असे तीन मोठे फटके त्यांनी नोंदवले. 2022 पर्यंतच्या 24 वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलं, 37 टक्क्यांवरून सुमारे 20 वर. त्यांच्या नोंदींतून दिसतं, की दर फटक्याला मरणाऱ्या प्रवाळांचं प्रमाण कमी होत गेलं, म्हणजे उरली ती काटक होती. पण सावरण्याचा वेगही मंदावला. साधारण सहा वर्षं फटक्याविना गेली की मगच तो वेग चांगला धरतो. 2016 नंतर तशी वर्षं मिळत होती, तोवर 2024 उजाडलं.

तरीही लक्षद्वीप आजवर जितकं सावरलं, त्यात तिथल्या कोळ्यांचा वाटा आहे. त्यांची मुख्य मासेमारी भर समुद्रात, काठी आणि गळ घेऊन, ट्युनाची. त्यामुळे भित्तीवरचे मासे बऱ्याच अंशी शाबूत राहिले. पोपटमासा भित्तीवरचं शेवाळ दिवसभर खरवडत असतो. तो आणि त्याचे भाऊबंद नसले, तर मेलेल्या सांगाड्यावर शेवाळाचं रान माजतं आणि नव्या अळीला टेकायला जागा मिळत नाही. कॅरिबियनमध्ये याचा धडा मिळून गेला आहे. तिथं जास्त मासेमारीमुळे असे मासे आधीच विरळ झाले होते आणि शेवाळ खाण्याचं काम लांब काट्यांच्या एका काळ्या समुद्री साळूवर येऊन पडलं होतं. 1983-84 मध्ये एका रोगानं त्यातले 90 टक्क्यांहून जास्त साळू मेले. थोड्याच काळात भित्तीच्या भित्ती शेवाळाखाली गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच आजही पूर्ववत झालेल्या नाहीत. अलीकडं लक्षद्वीपमध्येही भित्तीवरचे मासे बाहेर विकण्यासाठी पकडायला सुरुवात झाली आहे. ही मला काळजीची बाब वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो: भित्ती सावरली, शास्त्रज्ञ उगाच भीती घालत होते. त्याला आधार आहे. 2022 च्या पाहणीत तिच्या उत्तर आणि मध्य भागात 36 वर्षांतलं सर्वाधिक आच्छादन सापडलं होतं. पण ती वाढ मुख्यतः भरभर वाढणाऱ्या, उष्णतेला नाजूक अशा फांद्यांच्या प्रवाळांची होती. 2024 ची उष्णता आली आणि 2025 च्या पाहणीत उत्तर आणि दक्षिण भागांत एका वर्षातली आजवरची सर्वांत मोठी घट नोंदली गेली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. एकट्या-दुकट्या वर्षाचा आकडा बघून निष्कर्ष काढला की फसगत होते.

उष्णतेशिवाय आणखी एक गोष्ट गुपचूप चालू आहे, ती पाण्याच्या रसायनाची. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव भाग समुद्र शोषतो. त्यातून कार्बोनिक आम्ल बनतं आणि पाण्यातला मोकळा कार्बोनेट कमी होतो. नेमका हाच कार्बोनेट कॅल्शियमशी जोडून प्रवाळ आपला चुना बांधतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे. प्रवाळ यानं लगेच मरत नाही, पण बांधकाम मंदावतं आणि ठिसूळ होतं. म्हणजे सावरायची वर्षं कमी होताहेत त्याच काळात सावरण्याचा वेगही घटतो आहे. (जीवांनी समुद्रात बांधलेला चुना आपल्याही पायाखाली आहे. गोकाकच्या पुढं यादवाड-लोकापूर पट्ट्यात जो चुनखडक खणतात, तो एक अब्ज वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला. त्या काळी प्रवाळं जन्मालाही आली नव्हती. या कलादगी खोऱ्याच्या चुनखडकात सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेल्या रचना काही ठिकाणी अजून ओळखू येतात.)

आता आपल्या जवळच्या किनाऱ्याकडं येऊ. मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावच्या गाड्या आंबोली घाट उतरून मालवणला जातात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग हा आता ठरलेला कार्यक्रम झाला आहे. तिथलं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. पाण्यात डोकं घातल्यावर टीव्हीवर दिसतो तसा निळा स्फटिकस्वच्छ समुद्र दिसत नाही. हिरवट, गढूळ पाणी, हातभर अंतरावर धूसर होत जाणारं. खडकावर गोलसर, पिवळट-तपकिरी प्रवाळाचे गठ्ठे बसलेले असतात. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतात आणि खोलगट भागात मातीची पातळ साय साचलेली असते. ती झटकण्यासाठी प्रवाळ चिकट स्राव सोडत राहतं, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. गाळ जास्त झाला की उजेड अडतो, शेवाळाची साखर कमी पडते आणि नव्या अळ्यांना चिकटायला जागा राहत नाही. मागच्या दहा-बारा वर्षांत मालवणच्या प्रवाळांवरही ब्लीचिंगच्या नोंदी झाल्या आहेत. गढूळ पाण्यात ऊन कमी पोचत असल्यानं तिथल्या प्रवाळांना थोडं संरक्षणही मिळत असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. त्यामुळे मालवणची ही दिसायला साधी प्रवाळं मला विशेष महत्त्वाची वाटतात. ती आधीपासूनच अवघड जागी जगत आली आहेत.

विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जाणारं पाण्याखालचं पठार. तिथलं पाणी स्वच्छ आणि प्रवाळ दाट, किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही. इकडं आपल्या राज्यात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाभोवतीही प्रवाळं आहेत आणि तिथंही डायव्हिंगच्या बोटी जातात.

आपल्या भागातून समुद्राला काय जातं, हे नीट सांगायला हवं. उगाच ताणून नव्हे. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यानं मार्कंडेय नदीत, तिथून घटप्रभेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. उसाच्या रानातून वाहून जाणारा युरियाही त्याच वाटेनं. कृष्णेच्या मुखाशी गाळ आणि गोडं पाणी इतकं असतं, की तिथं प्रवाळभित्ती नाहीतच. तेव्हा आपला नाला प्रवाळं मारतो असं म्हणता येणार नाही. पश्चिमेची गोष्ट वेगळी. खानापूर तालुक्यातच कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते आणि देगावजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेला. तीच पुढं गोव्यात मांडवी होते. पावसाळ्यात तिचं पाणी लाल होतं ते डोंगरउतारांवरच्या मातीमुळे. भीमगडचं जंगल ती माती धरून ठेवतं. वाहून जाते त्यातली बरीच माती खाडीत बसते, उरलेली किनाऱ्याच्या पाण्यात उतरते. खानापूरचं जंगल आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची प्रवाळं यांचं नातं दूरचं असलं तरी खरं आहे.

सांडपाणी थांबवल्यानं काय होतं, याचं उत्तर हवाई बेटांवरच्या कानेओहे उपसागरात मिळालं. तिथं वर्षानुवर्षं सांडपाणी सोडलं जात होतं आणि खतावल्यासारखं शेवाळ माजून प्रवाळ झाकलं गेलं होतं. 1977-78 मध्ये ते पाणी दुसरीकडं वळवलं, तसं शेवाळ ओसरत गेलं आणि प्रवाळ बऱ्याच अंशी परतलं. उलट टोकाचं उदाहरण तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातलं. तिथं चुन्यासाठी आणि बांधकामासाठी अनेक वर्षं प्रवाळ खणून नेलं. जिवंत, धडधाकट भित्ती लाटांचा सरासरी 97 टक्के जोर आपल्या अंगावर घेते. तो आडोसा गेल्यावर लाटा थेट किनाऱ्याला भिडायला लागल्या आणि 21 बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली.

मग प्रवाळ उष्णतेला सरावणार नाही का? काही प्रमाणात सरावतं. इराणच्या आखातातली प्रवाळं उन्हाळ्यात 34-35 अंशांचं पाणी सोसतात, जे इतरत्र प्राणघातक ठरेल. काही प्रवाळं ब्लीचिंगनंतर जास्त काटक जातीचं शेवाळ अंगात घेतात. पण ते शेवाळ मालकाला साखर कमी देतं, त्यामुळे वाढ मंदावते. नर्सरीत वाढवलेल्या फांद्या भित्तीवर लावण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण 2023 मध्ये फ्लोरिडात असं कष्टानं लावलेलं प्रवाळ काही ठिकाणी एका उन्हाळ्यात सगळंच्या सगळं मेलं. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळानं 2018 मध्ये सांगितलं होतं, की पृथ्वी 1.5 अंशांनी तापली तर उष्ण समुद्रांतली 70 ते 90 टक्के प्रवाळं जातील आणि 2 अंशांना 99 टक्क्यांहून जास्त. 2024 हे औद्योगिकपूर्व काळापेक्षा 1.5 अंशांहून जास्त तापलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. एका वर्षानं ती मर्यादा कायमची ओलांडली असं होत नाही, पण अंतर किती उरलंय ते कळतं. कोळसा, डिझेल, पेट्रोल कमी जाळल्याशिवाय समुद्र निवणार नाही. गाळ, सांडपाणी आणि बेफाम मासेमारी आवरली तर त्या मधल्या वर्षांत प्रवाळाला उठता येईल. दोन्ही कामं लागतात आणि एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही.

सुट्टीला मालवण किंवा मुरुडेश्वरला जाणाऱ्यांसाठी थोडं हातातलं. बोटवाल्याला आधीच विचारा, की नांगर खडकावर टाकतो की बोट बोयाला बांधतो. एक नांगर घसटत गेला तर तीस-चाळीस वर्षांचा प्रवाळाचा गठ्ठा एका झटक्यात फुटतो. पाण्यात थकल्यावर पाय टेकायला खडक दिसला, तर तो प्रवाळ नाही ना ते बघा. ट्यूब धरून तरंगत राहणं चांगलं. मासे जमावेत म्हणून पाव टाकतात, तो टाकू नका म्हणून सांगा. पावाला सोकावलेला मासा शेवाळ खरवडायचं सोडतो. आणि जत्रेत, पूजासाहित्याच्या दुकानात ‘इंद्रजाल’ नावाची जाळीदार काळी फांदी फ्रेममध्ये बसवून विकतात, दारावर लावली की नजर लागत नाही म्हणून. ती कुठल्या वनस्पतीची मुळी नसते, समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ या प्राण्यांचा वाळलेला सांगाडा असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्याच यादीत, ही प्रवाळं आहेत. विकणं, विकत घेणं, दोन्ही गुन्हा आहे आणि कुठं विक्री दिसली तर वनखात्याच्या जवळच्या कचेरीत कळवता येतं.